कंपनी काढणं सोपं झालं, पुढची विवरणपत्रं कोण भरणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही हजारांत प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून देण्याच्या जाहिराती सांगली, मिरज, तासगाव, विटा इथल्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर रोज येऊन पडतात. त्यातला नोंदणीचा भाग खरा आहे. १५ लाखांपर्यंत अधिकृत भांडवल (जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढता येतात ते) असलेल्या कंपनीला केंद्राचं नोंदणी शुल्क शून्य आहे, अर्ज सगळे ऑनलाइन आहेत आणि पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. जाहिरातीत नसतो तो नोंदणीनंतरचा भाग. पहिल्या सहा महिन्यांत करायची घोषणा, दरवर्षीची विवरणपत्रं, राज्याचा व्यवसाय कर, मुद्रांक, यातलं काहीच कुणी सांगत नाही. तीन-चार वर्षांनी नोटीस येते तेव्हा धंद्यातल्या नफ्यापेक्षा दंडाची रक्कम मोठी झालेली असते.

धंद्याला कोणतं रूप द्यायचं हे नोंदणीच्या खर्चावरून ठरवू नये, एवढं या पत्रातून कळकळीने सांगायचं आहे. दरवर्षी काय भरावं लागेल आणि आपल्या घरात पैसा प्रत्यक्षात कसा फिरतो, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

पैशाचं आधी घेऊ. आपल्याकडच्या घरच्या धंद्यात मालक लागेल तशी उचल करतो. मुलीची फी, ट्रॅक्टरचा हप्ता, घराचा स्लॅब, सगळं पेढीच्या खात्यातून जातं. भागीदारीत किंवा एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत) ही उचल त्या भागीदाराच्या खात्याला नावे पडते आणि वर्षअखेरीस नफ्याच्या वाटणीतून वळती होते. कंपनीत असं चालत नाही. कंपनीच्या खात्यातला पैसा कंपनीचा. संचालकाला तो पगार म्हणून, लाभांश म्हणून, भाडं म्हणून किंवा त्याने पूर्वी कंपनीला दिलेल्या रकमेची परतफेड म्हणूनच घेता येतो. त्याखेरीज काढलेली रक्कम कंपनीने संचालकाला दिलेलं कर्ज ठरते आणि कंपनी कायद्याचं कलम १८५ अशा कर्जाला सर्वसाधारणपणे मनाई करतं. आयकर खातं तीच रक्कम लाभांश समजून त्यावर कर लावू शकतं.

उलट्या दिशेनेही अडचण आहे. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या हंगामात मित्राकडून, शेजाऱ्याकडून, आडत्याकडून हातउसने पैसे घ्यायची आपल्याकडची रीत जुनी आहे. प्रायव्हेट कंपनीला ती जवळजवळ बंद आहे. संचालकाकडून किंवा त्याच्या कायद्यात नमूद नातेवाइकांकडून रक्कम घेता येते, पण 'हा पैसा मी स्वतः उसना आणलेला नाही' असं लेखी घेऊन ठेवावं लागतं. भागधारकांकडून ठरावीक मर्यादेपर्यंत घेता येते. मित्राकडून घेतलेली रक्कम ठेव ठरते आणि ठेवींच्या नियमांचा भंग फार महागात पडतो. घेतलेल्या सगळ्या रकमांचा हिशेब दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ अर्जात द्यायचा असतो. एलएलपीला हे ठेवींचे नियम लागू नाहीत. रोखीत २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक उसनवार घ्यायची नाही, हा आयकराचा नियम मात्र सगळ्यांनाच आहे.

मर्यादित जबाबदारीबद्दलही गैरसमज मोठा आहे. कंपनी बुडाली तर घरावर टाच येणार नाही, हे पुरवठादाराच्या उधारीपुरतं बरंचसं खरं. पण राष्ट्रीयीकृत असो की नागरी सहकारी, कोणतीही बँक छोट्या कंपनीला कॅश क्रेडिट देताना संचालकांची वैयक्तिक हमी आणि बहुतेक वेळा घराचं किंवा प्लॉटचं तारण घेते. तिथे मर्यादित जबाबदारी उरत नाही. प्रायव्हेट कंपनीकडून जीएसटीची थकबाकी वसूल झाली नाही, तर तीही संचालकांकडून वसूल होऊ शकते. थकबाकी आपल्या हलगर्जीमुळे राहिली नाही, हे संचालकालाच सिद्ध करावं लागतं.

मग कंपनी काढावी कुणी? बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल, कामगारांना शेअर द्यायचे असतील, मोठा खरेदीदार किंवा निविदा कंपनीच मागत असेल, किंवा नफा घरी न नेता धंद्यातच ठेवून यंत्रं घ्यायची असतील, त्यांनी जरूर काढावी. शेवटचं कारण कराचं आहे. एलएलपीला आणि भागीदारी फर्मला सरळ ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर लागतो. कंपनीला काही सवलती सोडून दिल्या की २२ टक्क्यांचा पर्याय मिळतो, अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. नफा दरवर्षी घरीच न्यायचा असेल तर हा फायदा लाभांशावरच्या करात विरून जातो. कुपवाड एमआयडीसीतला वर्कशॉपवाला आणि मार्केट यार्डातली दोन भावांची हळदीची पेढी यांना म्हणून एकच सल्ला देता येत नाही. माझ्या मते दोन-तीन कुटुंबीयांच्या बहुतेक व्यापारी धंद्यांना एलएलपी पुरते.

एलएलपीचं उदाहरण आकड्यांत मांडतो. तासगावचे दोन भाऊ बेदाणा प्रतवारीचं युनिट काढतात, एक ४ लाख आणि दुसरा १ लाख आणतो असं समजू. दोघांना क्लास-३ डिजिटल स्वाक्षरी लागते. नोंदणीचा अर्ज 'फिलिप', आणि १ ते ५ लाखांच्या भांडवलासाठी त्याचं शुल्क २,००० रुपये. नोंदणी प्रमाणपत्र आलं की बरेच जण तिथेच थांबतात. खरं काम त्यानंतरच्या ३० दिवसांत असतं: एलएलपी करारनामा तयार करून, योग्य मुद्रांक लावून फॉर्म ३ सोबत दाखल करायचा.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करार छापून दिला जातो. महाराष्ट्रात ५०,००० रुपयांपर्यंतच्या भांडवलालाच ५०० रुपये पुरतात. त्यावर गेलं की भांडवलाच्या १ टक्का. कमाल मर्यादा पूर्वी १५,००० होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती ५०,००० रुपये झाली आहे. आपल्या उदाहरणात ५,००० रुपयांचा मुद्रांक लागेल. कमी लावला तर फरकावर दरमहा २ टक्के दंड, आणि असा करार न्यायालयात पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. भावाभावांत वाद झाला तर नेमका तेव्हाच हा कागद लागणार असतो.

करारच दाखल केला नाही तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या अटी आपोआप लागू होतात. त्यात सगळ्या भागीदारांचा भांडवलात आणि नफ्या-तोट्यात वाटा सारखा आणि कामाबद्दल मेहनताना कुणालाच नाही. म्हणजे ४ लाख आणणारा आणि १ लाख आणणारा सारखेच. शिवाय भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज आयकरात खर्च म्हणून धरून घ्यायचं, तर त्याची तरतूद करारात लिहिलेलीच असावी लागते. व्याज १२ टक्क्यांपर्यंतच धरलं जातं. पगाराचा हिशेब कसा करायचा हेही करारात स्पष्ट लिहा, 'परस्पर संमतीने ठरेल' एवढं लिहून भागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार-व्याज दिलं तर १० टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. हे अजून कितीतरी पेढ्यांना माहीतच नाही. त्यासाठी टॅन, म्हणजे करकपात करणाऱ्याचा आयकर खात्याकडचा क्रमांक लागतो.

भांडवल म्हणून रोखीऐवजी जागा आणायची असेल तर फार विचार करावा. स्थावर मालमत्ता भांडवलात आणली की १ टक्क्याचा दर लागू होत नाही, बाजारमूल्यावर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागतं. शेतजमिनीचं तर नावच काढू नये. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत आणि एलएलपी किंवा कंपनी सातबाऱ्यावर शेतकरी ठरत नाही. जागा भावाच्या नावावरच ठेवून, बिगरशेती करून घेऊन, नोंदणीकृत भाडेपट्ट्याने एलएलपीला देणं हा सरळ मार्ग.

जुन्या भागीदारी पेढीचं एलएलपीत रूपांतर करायचं तर फिलिपसोबत फॉर्म १७ लागतो. पेढीचे सगळे भागीदार एलएलपीत यायला हवेत आणि त्या वेळी नवा कुणी घालता येत नाही. रूपांतर झाल्यावर १५ दिवसांत फर्म निबंधकांना फॉर्म १४ द्यायचा. पुढचे बारा महिने प्रत्येक पत्रावर आणि बिलावर 'पूर्वीची अमुक फर्म' असा उल्लेख ठेवायचा. रूपांतरापूर्वीच्या देण्यांची वैयक्तिक जबाबदारी जुन्या भागीदारांवर तशीच राहते, ती पुसली जात नाही. जीएसटी क्रमांक नवा घ्यावा लागतो आणि जुन्या क्रमांकावरचं जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ अर्ज भरून वळवावं लागतं. बाजार समितीचा परवाना, अन्न परवाना, वीज जोडणी, प्रत्येक ठिकाणी नाव बदलायला वेगळा अर्ज. हंगामाच्या तोंडावर हे काढू नये. सौदे सुरू झाल्यावर परवाना जुन्या नावाचा आणि बिल नव्या नावाचं, अशी स्थिती आली की माल अडकतो.

आता कंपनी. अर्जाचं नाव स्पाइस प्लस, तो २०२० पासून आहे. पहिल्या भागात नाव राखून ठेवायचं. शुल्क १,००० रुपये, नावं दोनच सुचवता येतात आणि मंजूर नाव २० दिवस टिकतं. कृष्णा, सह्याद्री, अजिंक्य, संगम ही आपली आवडती नावं हजारो कंपन्यांनी आधीच घेतलेली आहेत. त्यापुढे नुसतं 'ॲग्रो' किंवा 'फूड्स' जोडून वेगळेपण सिद्ध होत नाही. अर्जाआधी कंपन्यांची यादी आणि ट्रेडमार्कचं रजिस्टर दोन्ही पाहावीत. बेदाणा ट्रेडमार्कच्या २९ व्या वर्गात येतो, हळद पावडर ३० व्या. दुसऱ्याचा त्याच वर्गातला ट्रेडमार्क निघाला तर नाव फेटाळलं जातं.

दुसऱ्या भागात भागधारक, संचालक, भांडवल आणि पत्ता. संचालक किमान दोन, भागधारक किमान दोन. सोबत घटनापत्र, नियमावली आणि अजाइल प्रो हा जोडअर्ज असतो. त्यातूनच भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कामगार राज्य विमा), व्यवसाय कर आणि बँक खातं यांची नोंदणी होते, आणि हवी असेल तर जीएसटीही. शुल्क शून्य असलं तरी राज्याचं मुद्रांक शुल्क लागतंच. नियमावलीवर ते २०२४ पासून भांडवलाच्या ०.३ टक्के आहे. म्हणून उगाच २५-५० लाखांचं अधिकृत भांडवल दाखवू नये, गरज पडेल तेव्हा वाढवता येतं.

अर्ज परत येतात ते बहुतेक कागदांच्या किरकोळ वाटणाऱ्या विसंगतींमुळे. पॅनवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. शाळेत लावलेली १ जून ही जन्मतारीख एका कागदावर आणि दुसरी तारीख दुसऱ्यावर, हे तर आपल्या भागात घरोघरी आहे. डिजिटल स्वाक्षरी घेण्यापूर्वीच हे दोन्ही कागद एकसारखे करून घ्या. नंतर केलं तर स्वाक्षरी पुन्हा विकत घ्यावी लागते.

पत्त्याचा पुरावा हे दुसरं दुखणं. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, आणि महावितरणचं बिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं. अशा वेळी बिलावरच्या माणसाची संमती आणणार कुठून? ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा महापालिकेची घरपट्टीची पावती सध्याच्या मालकाच्या नावे असावी, त्याचं संमतिपत्र असावं आणि वीजबिलावरचा पत्ता त्याच्याशी जुळावा. खेड्यात घर क्रमांकच नसतो. तिथे गट क्रमांक, मिळकत क्रमांक आणि जवळची खूण सगळ्या कागदांवर एकाच पद्धतीने लिहा. मित्राच्या पुण्यातल्या फ्लॅटचा पत्ता देऊन कंपनी नोंदवणं तर धोक्याचंच. निबंधकांना नोंदणीकृत कार्यालयाची प्रत्यक्ष तपासणी करता येते. तिथे कंपनीचा ठावठिकाणा लागला नाही तर नाव काढून टाकण्यापर्यंत वेळ येते. कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता स्थानिक भाषेच्या लिपीतही असावा लागतो, म्हणजे आपल्याकडे देवनागरीत. लेटरहेडवर आणि बिलावर सीआयएन हा नोंदणी क्रमांक, फोन आणि ईमेल हवा. यात चूक राहिली तर रोज १,००० रुपये दंड, कमाल १ लाख.

प्रमाणपत्र मिळाल्यापासूनचे १८० दिवस सर्वांत नाजूक. ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली बैठक आणि पहिल्या लेखापरीक्षकाची नेमणूक. दोन महिन्यांत शेअर प्रमाणपत्रं. आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा व्यवसाय सुरू केल्याच्या घोषणेचा अर्ज. तो भरल्याशिवाय कंपनीला धंदाही करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. भागधारकांनी आपापल्या शेअरची रक्कम कंपनीच्या खात्यात भरली आहे, हे या अर्जासोबत बँकेच्या उताऱ्याने दाखवायचं असतं. इथे घोटाळा होतो तो असा: दोघांची मिळून रक्कम एकटाच भरतो, किंवा रोख भरतो, किंवा रक्कम चुकून संचालकाच्या बचत खात्यातच राहते. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या खात्यातून, घटनापत्रात लिहिलेल्या आकड्याइतकीच रक्कम, चेकने किंवा ऑनलाइन भरावी. दुसरी अडचण बँक खात्याची. अजाइल प्रोमधल्या यादीतलीच बँक निवडावी लागते, आणि खातं प्रत्यक्ष वापरता येण्यापूर्वी ठराव, केवायसी आणि बहुतेक वेळा दोन्ही संचालकांची हजेरी मागितली जाते. एक भाऊ पुण्यात नोकरीला असला की दोन-तीन महिने सहज जातात. १८० दिवस उलटले तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जबाबदार संचालकाला दिवसाला १,००० रुपये, कमाल १ लाख. एक लाखाच्या भांडवलावर काढलेल्या कंपनीचं भांडवल एवढ्यातच संपतं.

वार्षिक विवरणपत्रांबाबत सगळ्यात घातक समजूत म्हणजे 'धंदा झालाच नाही, मग भरायचं काय?' उलाढाल शून्य असली तरी कंपनीला लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि विवरणपत्रं लागतातच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, पहिल्या सभेला आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने. सभेनंतर लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा एडीटी-१ हा अर्ज १५ दिवसांत, ताळेबंदाचा एओसी-४ ३० दिवसांत, वार्षिक विवरणपत्र एमजीटी-७ए ६० दिवसांत. शेवटचे दोन उशिरा भरले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये जादा शुल्क, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही अर्ज एक वर्ष राहिले तर ७३,००० रुपये. लागोपाठ तीन वर्षं भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, आणि ती अपात्रता त्याच्या दुसऱ्या चांगल्या चाललेल्या कंपनीलाही भोवते. २०१७ साली देशात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं याच कारणाने काढली गेली, त्यात ज्यांनी नुसती सही केली होती असे नातेवाईकही अडकले. म्हणून बायकोला किंवा मुलाला 'नावापुरतं' संचालक करताना याचा विचार व्हावा. २०२० मध्ये कंपनी फ्रेश स्टार्ट योजनेत जादा शुल्क माफ झालं होतं. पुन्हा तशी योजना येईल या आशेवर थांबणाऱ्यांचं मीटर रोज चालूच राहतं.

एलएलपीला यापेक्षा कमी: वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म ११ दरवर्षी ३० मेपर्यंत, हिशेबाचा फॉर्म ८ ३० ऑक्टोबरपर्यंत. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपी कायद्याखाली लेखापरीक्षण लागत नाही. पण शून्य उलाढालीचीही दोन्ही विवरणपत्रं भरायचीच. या तारखा दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या वृत्तपत्राच्या व्यापार पानावर चौकटीत छापाव्यात, अशी माझी आपल्याला विनंती आहे. बाजारभावाच्या शेजारी त्या दिसल्या तर व्यापारी वाचेल.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. १ जानेवारीला किंवा त्यानंतर नोंदवलेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी केली तर तीन महिन्यांसाठी वेगळा ताळेबंद आणि लेखापरीक्षण करत बसावं लागतं. चार दिवस थांबलं तर तो खर्च वाचतो. आयकराचं वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपतं, तिथे ही सवलत नाही.

राज्य सरकारच्या बाजूचा व्यवसाय कर रकमेने छोटा, पण विसरला जाणारा. कंपनीची नोंदणी अजाइल प्रोतून होते, त्यामुळे काम संपलं असं वाटतं. त्यात संचालकांची वैयक्तिक नोंदणी होत नाही. कंपनीचे वर्षाला २,५०० आणि प्रत्येक संचालकाचे वेगळे २,५००, दरवर्षी ३० जूनपर्यंत. एका व्यक्तीला यापेक्षा जास्त व्यवसाय कर लागू शकत नाही, त्यामुळे दोन कंपन्यांत संचालक असाल तरी एकदाच. ६५ वर्षांवरच्यांना माफी आहे. नोकर ठेवले की पगारातून कापून भरायचा कर वेगळा. पुरुषाचा पगार ७,५०० वर गेला की कपात सुरू होते, १०,००० वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत कर नाही. पहिल्या वर्षी विवरणपत्र दर महिन्याला असतं. पुढे वार्षिक कर १ लाखाच्या आत राहिला तर वर्षातून एकदाच, मार्चअखेर. उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्राला २०० ते १,००० रुपये विलंब शुल्क. पाच किंवा अधिक कामगार असतील तर कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरात, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. भविष्यनिर्वाह निधी २० आणि ईएसआय १० कामगारांवर लागू होतो. नोंदणी क्रमांक आधीच आला म्हणून भरणा लगेच सुरू होत नाही, पण संख्या गाठली त्या महिन्यापासून सुरू करावाच लागतो.

शेतकरी उत्पादक कंपन्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण द्राक्ष, बेदाणा, हळद, डाळिंब यांमुळे आपल्या जिल्ह्यात त्या झपाट्याने निघत आहेत. किमान दहा उत्पादक आणि किमान पाच संचालक लागतात. शेअर कितीही असोत, उत्पादक सभासदाला मत एकच. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अंतर्गत लेखापरीक्षण सक्तीचं आहे. पहिली वार्षिक सभा नोंदणीपासून ९० दिवसांत घ्यावी लागते, हे साध्या कंपनीपेक्षा वेगळं आहे आणि तेच सर्वांत जास्त चुकतं. सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश गणपूर्ती लागते. ४०० सभासद असतील तर १०० शेतकरी प्रत्यक्ष बसलेले हवेत. छाटणी नाहीतर तोडणीच्या दिवसांत तारीख धरली तर ते येणार नाहीत. अनुदानाच्या अटीसाठी सभासदसंख्या फुगवताना पुढे दरवर्षी तेवढ्यांच्या चौथ्या हिश्श्याला सभेत बसवायचं आहे, याचा हिशेब कुणी करत नाही. मग हजेरीपटावर घरी बसून सह्या घेतल्या जातात. उद्या एखाद्या सभासदाने तक्रार केली तर ती सभा आणि तिच्यातले ठराव दोन्ही अडचणीत येतात. सभासद कमी घ्या, पण माल देणारे घ्या.

ज्यांच्याकडे अशी निकामी कंपनी पडून आहे, त्यांनी ती तशीच सोडून देऊ नये. नोंदणीनंतर वर्षभरात धंदा सुरूच केला नसेल किंवा मागची दोन वर्षं बंद असेल, तर एसटीके-२ अर्ज करून नाव काढून घेता येतं. शुल्क १०,००० रुपये. त्याआधी थकलेले एओसी-४ आणि एमजीटी-७ए जादा शुल्कासह भरावे लागतात, देणी शून्य करावी लागतात, बँक खातं बंद करावं लागतं आणि संचालकांनी हमीपत्र द्यावं लागतं. एलएलपीसाठी हेच काम फॉर्म २४ ने होतं. आणि कंपनीचं नाव गेलं म्हणजे राज्याकडच्या नोंदी गेल्या असं होत नाही. जीएसटी आणि व्यवसाय कराची नोंदणी रद्द करण्याचे अर्ज वेगळे करायचे, तेही कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आणि ईमेल चालू असेपर्यंतच. नाहीतर बंद कंपनीच्या नावाने विलंब शुल्काच्या नोटिसा येत राहतात आणि उत्तर द्यायला पोर्टलवर आत शिरताही येत नाही.

आपला,
एक कंपनी सचिव,
विश्रामबाग, सांगली